मुलुंडला चौदा महिने

परवा सकाळी उठून बघते तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे बारा मेसेज. एरवी एवढी गर्दी पाणी गेल्यावर किंवा लिफ्टमध्ये कुणी अडकल्यावरच होते. या खेपेस विषय धारावीचा होता. सेक्रेटरी काकांनी निवेदनाचा मसुदा टाकला होता: धारावीतील अपात्र झोपडीधारकांचे मुलुंडमध्ये पुनर्वसन करण्यास आमचा तीव्र विरोध आहे. खाली तक्ता. नाव, फ्लॅट नंबर, मुलुंडमधील वास्तव्य (वर्षे), सही. परदेशस्थ सभासदांनी सहीचा फोटो पाठवला तरी चालेल, अशी टीपही होती. ती माझ्यासाठी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मेलबर्नवाल्यासाठी.

मी कदाचित सही करून पाठवलीही असती. बाबा गेल्यावर फ्लॅट दादाच्या आणि माझ्या नावावर झाला, तेव्हापासून सोसायटीचे असे कागद मी न वाचताच सही करून पाठवत आले आहे. पण मसुद्याखाली एकाने लिहिलं होतं, "आत्ता गप्प बसलो तर पाच वर्षांत मुलुंडचं गोवंडी होईल." त्याला सव्वीस अंगठे. त्यातला एक दादाचा.

अरे, आपण गोवंडीचेच ना?

म्हणजे अगदी गोवंडीचे नाही. अणुशक्तीनगरचे. बाबा बीएआरसीत, आमची शाळा कॉलनीतली, भाजी कॉलनीतली, गेटवर सुरक्षारक्षक. पण रेल्वेचा पास मानखुर्दचा, आणि महापालिकेच्या हिशेबात आम्ही गोवंडी-मानखुर्द-देवनारबरोबर एकाच एम-पूर्व वॉर्डात. रुपारेलला असताना कुणी विचारलं, कुठे राहतेस, की मी "चेंबूरच्या पुढे" म्हणायचे. गोवंडी हा शब्द तोंडातून काढायचा नाही हे घरी कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप येत होतं.

ज्यांना या वादाचा रोजचा रतीब नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. धारावीचा पुनर्विकास अदानी समूह आणि राज्य सरकार यांची मिळून एक कंपनी करते आहे, भागीदारी ऐंशी-वीस टक्क्यांची. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल आणि झोपडी तळमजल्याची असेल तर धारावीतच साडेतीनशे चौरस फुटांचं घर, फुकट. २००० ते २०११ मधले असाल तर अडीच लाख भरून तीनशे चौरस फूट, तेही धारावीबाहेर. त्यानंतर आलेले आणि माळ्यावर राहणारे, यांचीही सोय बाहेरच. म्हणजे खाली राहणारा भाऊ पात्र आणि त्याच झोपडीला बाहेरून लोखंडी शिडी लावून वर राहणारा भाऊ अपात्र. आता हे 'बाहेर' म्हणजे कुठे? कांजूर, भांडुप, मुलुंडची मिठागरं मिळून अडीचशे एकरांहून जरा जास्त, आणि देवनारच्या कचराभूमीची सव्वाशे एकरांच्या आसपास. दोन्ही निर्णय २०२४ मधले.

एकशे बारा मेसेज मी वाचले, सगळे. मिठागरांवर पाणथळ जागा जातील, फ्लेमिंगो जातील, सकाळची ८.१७ आधीच भरून येते, पाण्याचं काय, पार्किंगचं काय. देवनारबद्दल एक ओळ नाही. तिथे मुंबई गेली जवळजवळ शंभर वर्षं आपला कचरा टाकते आहे. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला. त्याच डोंगराच्या जागेवर माणसांची घरं बांधायची म्हणतात, त्यावर आमच्या पर्यावरणप्रेमी सभासदांचं काही म्हणणं नाही. बरोबर आहे, ते गोवंडीतच आहे.

गोवंडी काही आभाळातून पडलं नाही. शहराला जे जे डोळ्यांसमोर नको होतं ते तिकडे पाठवलं: आधी कचरा, मग १९७१ मध्ये कत्तलखाना, मग रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कामांत घरं गेलेली माणसं. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड इथल्या पुनर्वसनाच्या इमारती इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथे क्षय एवढा का, याचा अभ्यास मुंबई आयआयटी आणि 'डॉक्टर्स फॉर यू' यांनी केला, तेव्हा बोट इमारतींच्या रचनेकडेच गेलं. हवा नाही, ऊन नाही. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्यात तळाला हाच वॉर्ड. त्याच वॉर्डात आमच्या कॉलनीतली गुलमोहराची झाडं, टेनिस कोर्ट आणि सकाळी फिरायला निघालेले शास्त्रज्ञ. सरासरी काढताना आम्हीही त्यात धरले गेलो असणार, तरी तळाला.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक. शेवटी, मोह आवरला नाही म्हणून, शिकागोचं उदाहरण दिलं.

मी राहते ओक पार्कला. शिकागोच्या पश्चिम हद्दीला लागून, पण गाव वेगळं, शाळा वेगळ्या, पोलीस वेगळे. मध्ये ऑस्टिन बुलेव्हार्ड हा रस्ता. रस्त्याच्या पलीकडे शिकागोचा ऑस्टिन हा भाग. कामाला मी ब्लू लाइनने मेडिकल डिस्ट्रिक्टला जाते, तिथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. गाडी एक्स्प्रेसवेच्या मधोमध धावते. आमच्याकडे हार्लेम, ओक पार्क, ऑस्टिन अशी पटापट स्टेशनं लागतात, आणि हद्द ओलांडली की गाडी एकदम सुसाट सुटते. आधी वाटायचं रूळ चांगले असतील. मग कळलं की मधलं सेंट्रल हे स्टेशन १९७३ मध्ये बंद झालं. पुढचं कॉस्टनर आणि कॅलिफोर्निया, तीही त्याच साली. हार्बर लाइनवर वाढलेल्या माणसाला अशी गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

पुलास्की स्टेशन येतं ते वेस्ट गारफिल्ड पार्कचं. तिथलं सरासरी आयुर्मान आणि लूपमधलं, म्हणजे शहराच्या ऐन मध्यवर्ती भागातलं, आयुर्मान यांत सोळा वर्षांचा फरक असल्याचं दहाएक वर्षांपूर्वी मोजलं गेलं, ६९ आणि ८५. मध्ये मोजून काही स्टेशनं. मॅडिसन रस्त्यावरचं किराण्याचं सुपरमार्केट २०२१ मध्ये अचानक बंद झालं. सिसेरो अव्हेन्यूवर ब्राखची गोळ्या-चॉकलेटांची फॅक्टरी होती, ती २००३ मध्ये गेली. दादाला सांगताना मी म्हटलं, गिरणगाव समज.

हेही आभाळातून पडलेलं नाही. १९३० च्या दशकात इथे नकाशे काढले, वस्तीत काळी माणसं असली की तो भाग लाल रंगवायचा, आणि लाल भागात घरासाठी कर्ज मिळणार नाही. बँक नाही म्हणाली की दलाल दारात. दुप्पट भावाने हप्त्यावर घर, शेवटचा हप्ता भरेपर्यंत कागद दलालाच्या नावावर, एक हप्ता चुकला की बाहेर, आणि तेच घर पुढच्याला. मग हेच दलाल पलीकडच्या गोऱ्या वस्तीत जाऊन सांगणार, ते आले बरं का, आत्ताच विका, उद्या मातीमोल होईल. ऑस्टिन वीस वर्षांत जवळजवळ पूर्ण गोऱ्याचं बहुतांशी काळं झालं ते असं. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर मॅडिसन रस्ता जळला, आणि त्यातले कित्येक प्लॉट आजही रिकामे आहेत. उन्हाळ्यात त्यांवर कमरेएवढं गवत वाढतं.

आणि मग मी अभिमानाने लिहिलं, की आमच्या ओक पार्कने काय केलं बघा! १९६८ मध्येच घरविक्रीत भेदभाव करायचा नाही असा गावाचा ठराव. १९७२ मध्ये हाउसिंग सेंटर, कुणी घाबरून पळू नये आणि कुणाला वेगळ्या रांगेत बसवू नये म्हणून. दारात 'विकणे आहे'ची पाटी लावायची नाही, कारण एक पाटी दिसली की गल्लीत दहा लागतात. आमच्या गावात आजही ती सहसा दिसत नाही. आमचे लोक ग्रुपवर अंगठे दाखवत बसले नाहीत, त्यांनी काहीतरी केलं. असं मी लिहिलं. 'आमचे लोक' हा शब्द मी कुणासाठी वापरला हे पोस्ट केल्यावर लक्षात आलं.

तासाभराने दादाचा फोन. ग्रुपवर नाही, थेट.

"तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस," तो म्हणाला. "मुलुंडचं डम्पिंग २०१८ पर्यंत चालू होतं. हरिओमनगरवाल्यांनी इतकी वर्षं तो वास घेतला. आता कुठे बंद झालं, तर हे. बाबांना ॲडमिट केलं तेव्हा बेडसाठी किती फोन केले होते, तुला माहितीये? आहे तेवढ्यांना पुरत नाही, आणि तू लाल नकाशे सांगतेस." मग जरा थांबून, "आणि धारावीच्या लोकांना तरी कुठे यायचंय मुलुंडला? कुंभारवाड्यातला कुंभार भट्टी काय बाराव्या मजल्यावर लावणार?"

हे खरं होतं. हे ग्रुपवर कुणी लिहिलं असतं तर मी त्याला अंगठा दिला असता. चामड्याचं काम, पापड लाटणं, तेरा कंपाउंडमधलं प्लॅस्टिक निवडणं, हे सगळं घराच्या खालीच चालतं म्हणून परवडतं. त्यांना मिठागरावर नेऊन ठेवायचं म्हणजे घर देऊन पोट काढून घ्यायचं. पण निवेदनात हे नव्हतं. निवेदनात 'मुलुंडची संस्कृती' होती.

"तुझ्या गल्लीत किती जण राहतात तसले?" हा त्याचा शेवटचा प्रश्न. मी म्हटलं, आमच्याकडे 'तसले' असं म्हणत नाहीत. तो हसला. मला तो हसला त्याचा जास्त राग आला.

खरं सांगायचं तर आमच्या गल्लीचं ऑस्टिन बुलेव्हार्डकडचं तोंड बंद आहे. आमच्या बाजूचे काही रस्ते हद्दीशी असे बंद केलेले आहेत. फुलझाडांचा वाफा, दोन दगड, एक बाक. पायी जाता येतं. घर बघायला आलो तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, किती शांत आहे, मुलांना खेळायला बरं. एजंटबाई गोड हसल्या होत्या. रात्री अडीच ते सहा रस्त्यावर गाडी लावता येत नाही, त्यामुळे पाहुण्यांच्या गाडीचा पास काढताना शिव्या देते मी, पण त्या नियमामुळेही कोण कुठला ते आपोआप कळतंच. काही वर्षांपूर्वी आमच्या इथल्या मॅडिसन रस्त्यावर कमी उत्पन्नवाल्यांसाठी इमारत व्हायची होती. दारात 'इथे सगळ्यांचं स्वागत आहे'ची पाटी लावणारे माझे शेजारी तेव्हा तावातावाने फक्त पार्किंगबद्दल बोलत होते. तेव्हा मी दादाला मुद्दाम फोन करून ते सांगितलं होतं, हसून.

माझा मुलगा पर्सी ज्युलियन यांच्या नावाच्या शाळेत शिकला. ज्युलियन हे मोठे रसायनशास्त्रज्ञ, सोयाबीनपासून हार्मोन बनवण्याचं काम त्यांचं. १९५० मध्ये त्यांनी ओक पार्कमध्ये घर घेतलं. काळे होते. राहायला जायच्या आधीच कुणीतरी घराला आग लावायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी डायनामाइट फेकलं. बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना ते घर दाखवायला नेलं होतं. बाबाही रसायनवाले. ते बराच वेळ फुटपाथवर उभे राहिले आणि म्हणाले, "आम्हाला तर क्वार्टर्स नुसत्या ऑर्डरवर मिळाल्या." मी त्या वेळी त्याचा काही अर्थ लावला नाही.

आता जे सांगणार आहे ते दादाला सांगितलेलं नाही.

माझ्या विभागात रक्ताचे नमुने घेणारी एक बाई आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. ऑस्टिनमध्ये राहते. माझ्या घरापासून तिचं घर चालत बारा मिनिटांवर, फक्त मध्ये बुलेव्हार्ड. डब्यातली लसणाची चटणी तिला एकदा दिली, तेव्हापासून दर महिन्याला एक बाटली तिची. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत असं मी तिला सांगितलं होतं; मग बाटली परत येताना तिच्यात भाजलेले पेकन असायचे.

तीन वर्षांपूर्वी तिचा नातू नववीत जाणार होता. इथे शाळा घरपट्टीवर चालतात, ज्या गावाची घरं महाग त्या गावाच्या शाळा चांगल्या. आमच्या हायस्कूलला प्रवेश हवा तर पत्त्याचे पुरावे लागतात: घरपट्टीचं बिल, विजेचं बिल, बँकेचा कागद. भाड्याने राहत असाल तर करारपत्र, कुणाकडे राहत असाल तर त्या घरमालकाचं प्रतिज्ञापत्र. तिने जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता विचारलं, तुझा पत्ता वापरला तर चालेल का. मुलगा शांत आहे, कुणाला त्रास नाही, तुझ्याकडे पत्र येईल फक्त.

मी कायदा सांगितला. तो खरा आहे; पकडलं गेलं तर फीची वसुली करतात, वर माझ्या प्रतिज्ञापत्राचा प्रश्न. आमच्याकडे सगळे नियमाने राहतात म्हणून शाळा चांगल्या आहेत, असंही काहीतरी बोलले. ती म्हणाली, "माहितीये गं. विचारून बघितलं." पुढच्या आठवड्यात चटणीची बाटली परत आली. स्वच्छ धुतलेली, झाकण घट्ट लावलेली, रिकामी.

आम्ही अजून एकाच टेबलावर जेवतो. नातवाचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

दादाचा फोन झाल्यावर रात्री झोप येईना, तेव्हा मला आमच्या मावशी आठवल्या. कॉलनीत कामाला यायच्या, चीता कॅम्पहून. मूळच्या तमिळ, पण मराठी अस्सल मुंबईची. गेटवर पास दाखवावा लागे, आणि पास हरवला की तिसऱ्या मजल्यावरून बाबांना खाली जाऊन सांगावं लागे की हो, या आमच्याचकडे येतात. एकदा खिडकीच्या काचा पुसताना त्यांनी फडक्यानेच भिंतीच्या दिशेला दाखवलं आणि मला म्हणाल्या, "आमचा नळ तिकडं होता. मी तुझ्याएवढी होते." मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला वाटलं, मावशी पण आधी कॉलनीत राहायच्या.

जनता कॉलनी म्हणून वस्ती होती ती. बीएआरसीला जागा हवी होती. लोक कोर्टात गेले, दिल्लीपर्यंत गेले. जॉकिन अर्पुथम तिथलाच, पुढे ज्यांना मॅगसेसे मिळालं ते. महापालिका कचरा उचलत नाही म्हटल्यावर पोरांकरवी तो कचरा महापालिकेच्याच दारात नेऊन टाकणारा माणूस. मग आणीबाणी आली आणि १९७६ च्या मे महिन्यात सुमारे सत्तर हजार माणसं उचलून चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. हे मी वाचलं ते इथे येऊन, ओक पार्कच्या लायब्ररीत, भलतंच काही शोधताना. तोवर मी चीता कॅम्पला एकदाही गेलेली नव्हते. मानखुर्द स्टेशनकडून रिक्षाने पंधरा मिनिटं.

म्हणजे दादा म्हणतो ते "कुठूनतरी उचलून आणून टाकतात" हे आम्ही लहानपणी खिडकीतून बघितलेलं आहे, फक्त उलट्या बाजूने. आम्ही होतो ते उचलल्यावर उरलेल्या जागेच्या बाजूला. गुलमोहर वगैरे. मला अणुशक्तीनगरची अजून स्वप्नं पडतात, आणि त्या स्वप्नांत भिंत नसते, हेही सांगून टाकते.

तर निवेदन. शुक्रवारपर्यंत पाठवायचं आहे, काकांनी दोनदा आठवण केली. सहीबद्दल माझं अजून ठरत नाही. देवनारचं एक वाक्य घाला, म्हणजे विचार करते, असं मी कळवलं. ते म्हणाले, तो वेगळा विषय आहे, नगरसेवक वेगळा आहे.

मी अडकले ते तिसऱ्या रकान्यात. आई-बाबा मुलुंडला आले १९९७ च्या नोव्हेंबरात, रिटायरमेंटनंतर. माझं लग्न झालं आणि १९९९ च्या जानेवारीत, त्या मोठ्या बर्फाच्या आठवड्यात, मी शिकागोला उतरले. चौदा महिने. त्यानंतरच्या सुट्ट्या धरल्या तरी दोन वर्षं भरत नाहीत. १ जानेवारी २००० ला मी तिथे नव्हतेच. विजेचं बिल माझ्या नावावर कधीच नव्हतं, आणि रेशनकार्डावरून नाव बाबांनीच कमी करून घेतलं होतं. सभासद म्हणून सोसायटीच्या भाग-दाखल्यावर मात्र आहे.

काकांना विचारलं, एक पूर्णांक दोन लिहिलं तर चालेल का? त्यांनी आधी अंगठा पाठवला. मग पाच मिनिटांनी: "बाकीच्यांनी आईवडिलांची वर्षे धरली आहेत. तुम्हीही धरा."